बोळा

लक्ष्मीपुरीत हार्डवेअरवाला विचारतो,
“संडासाचा, का सिंकचा?”
दोन असतात हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.
“सिंकचा,” मी म्हणते.
तो लाल रबराची वाटी दांड्यावर घट्ट फिरवतो,
“हा तिकडं वापरू नका. आणि तिकडचा इकडं तर नकोच नको.”
पिशवी नाही. कागदसुद्धा नाही.
केएमटीत माझ्या शेजारची सीट
शिवाजी पेठेपर्यंत रिकामीच राहते.

घरी परवाचं पाणी उभं.
रविवारच्या मटणाची चरबी पाइपात कुठंतरी
मेणासारखी धरलेली,
वर भाताची शितं,
आणि कढीपत्त्याचं एक पान, कुठंच न जाणारं.

रबर बुडेल इतकं पाणी असू द्यावं.
पहिला दाब हळू, आतली हवा काढायला.
मग जोर. आणि जोर ढकलण्यात नाही, ओढण्यात.
धप्प. धप्प.
पाणी हलतं, जात नाही.
भिंतीपलीकडून ओरडणं येतं,
“अगं ए! काय करालीस?
काळं पाणी उसळालंय माझ्यात!”

शालनवैनी.
नऊ वर्षं तिचा मिक्सर ऐकते, खोकला ऐकते,
कुकर ऐकते, ती चार शिट्ट्या घेते, मी तीन.
मला उद्देशून आलेलं हे पहिलंच वाक्य.

वाटणीत तांब्याचा बंब त्यांना, शिवणयंत्र आम्हाला.
जिना त्यांना, गच्ची आम्हाला,
त्यामुळे नऊ वर्षं गच्चीवर कुणीच गेलेलं नाही.
चार इंची भिंत, खर्च निम्मा निम्मा.
पाच पंचांनी सह्या केल्या, चहा घेतला.
पाइप कुणाच्या ध्यानात आला नाही.
तो भिंतीखालून जातो,
दोन्हीकडचं खरकटं घेऊन
एकाच तोंडानं गटारीत.

मी दांडा धरून उभी.
दोघं भाऊ कसबा बावड्याला, कोर्टात.
आज जिन्याची तारीख.

“वैनी,” मी भिंतीला सांगते,
“तुमच्या भोकावर बोळा दाबून धरा. ओला.
हवा तिकडनं पळालीय, इकडं जोर बसत न्हाई.”
पलीकडं काही नाही.
नळ ठिबकतो, तिचा का माझा, कळत नाही.
“कशाचा बोळा?”
“कशाचाबी. जुन्या पातळाचा.”
पुन्हा काही नाही. मग फडकं फाटल्याचा आवाज.
“धरलो. मार आता.”

मी दाबते,
तिकडं तिचा तळहात उचलला जातो, मला कळतं.
मी ओढते,
तिचा बोळा आत चोखला जातो, तेही कळतं.
पाण्यातून, चरबीतून, भिंतीच्या पायाखालून
तिचं वजन माझ्या दांड्याला लागतं.
जड आहे अजून. मनगटाची पहिल्यापासून जड,
भाकरी थापायची तेव्हा परात सरकायची.

“धरलाय न्हवं?”
“धरलो म्हनलं न्हवं का! तू मार की.”
अकरा, बारा.
चौदाव्याला पाइप घसा खाकरतो,
पाणी मधोमध खळगा पाडून फिरायला लागतं
आणि जातं,
मोठ्यानं, निर्लज्जासारखं,
दोन्हीकडचं एकदमच.

कढीपत्त्याचं पान तळाला चिकटून राहिलं.

“गेलं?”
“गेलं. तुमचं?”
“माझंबी.”
थोडं थांबून,
“आमचा संडासबी तुंबालाय. दांडा दे उद्या.”
“ह्यो चालत न्हाई तिकडं. तिकडचा येगळा असतो.”
“मग दोन आणायचे होतंस की.”

मी सोडा टाकते, वर आधणाचं पाणी सोडते.
दांडा धुऊन पुसते,
आणि तो हातात घेऊन घरभर फिरते.
सिंकखाली बसत नाही. दाराआड दिसतो.
ठेवायला एक जागा होती, पूर्वी,
जिन्याखाली.